हॉलमधला सूर्य आणि त्याचं बिल

मराठी मध्यमवर्गीय घरात दिव्यासंबंधी एकच शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं: खोलीतून बाहेर पडताना तो बंद करायचा. दिव्यात काय जळतं, प्रकाश कशाचा बनतो, असल्या किरकोळ बाबी शाळेवर सोडलेल्या असतात. घरचा अभ्यासक्रम बटणापाशी सुरू होतो आणि बटणापाशीच संपतो. आमचा दादा या विषयातला अधिकारी माणूस. तो सोसायटीच्या जिन्यातला दिवासुद्धा तळमजल्यावर बंद करतो आणि मग तीन मजले भिंत चाचपत वर येतो. अशा माणसाच्या डोंबिवलीतल्या टू-बीएचकेमध्ये, टीव्हीच्या शेजारी, त्याच्या सख्ख्या मुलाने दोन फुटी काचेचा टँक मांडला आणि त्यात सूर्य उगववायचं ठरवलं.

घरात टँक येणं आम्हाला नवीन नव्हतं. पूर्वीही होता. त्यात निळे खडे होते, गुलाबी प्लॅस्टिकची झाडं होती, आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी होती. तेव्हाचा दिवा माशांसाठी होता, म्हणजे खरं तर पाहुण्यांसाठी. मासे पाहायचे तर ते उजेडात आणि आपण अंधारात, हे आम्ही मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात शिकलो होतो. १९५१ सालचं ते मत्स्यालय. शाळेच्या सहलीत त्या काळोख्या दालनातून एकमेकांच्या पाठीला धरून फिरलेल्या मुलांची पुढे जी घरं झाली, त्यांतल्या टँकवर पाहुणे आले की ट्यूब लागायची आणि गेले की विझायची. माशांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांना पापण्या नसतात, त्यामुळे रात्री साडेदहाला कुणी अचानक ट्यूब लावली तर डोळे मिटून घेण्याचीही सोय नाही. मराठी पाहुणचाराचा हा भाग आपण माशांच्या बाजूने कधी पाहिलेला नाही.

पुतण्याचा टँक मात्र ‘प्लांटेड’ होता. त्यात मासे हे भाडेकरू आणि झाडं मालक. खाली काळी माती, वर जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन, मागे रोटालाच्या काड्या. त्या मुलाने पहिल्याच दिवशी आम्हाला बसवून सांगितलं की इथे दिवा ही सजावट नाही, दिवा हा स्वयंपाक आहे. झाडं उजेड खातात. वहिनी म्हणाल्या, “मग गॅलरीतली तुळस काय खाते?” तो म्हणाला, “ऊन.” “मग टँक गॅलरीत ठेव की. फुकट आहे ते.”

प्रश्न योग्य होता आणि इतिहासाला धरून होता. १८५०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती आणि सडकी पानं खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवून त्यांचा संसार चालतो हे दाखवलं. पुढची काही वर्षं इंग्रज दिवाणखान्यांना या छंदाने झपाटलं. विजेचे दिवे नव्हतेच, तेव्हा टँक खिडकीपाशी. आणि खिडकीपाशी ठेवलेल्या टँकचं जे होतं ते व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातही होत असणारच: पाणी हिरवं, काच हिरवी, आणि आतले मासे केवळ श्रद्धेने आहेत असं मानायचं. ऊन फुकट असतं, पण त्याला रेग्युलेटर नसतो. भर दुपारचं ऊन, झाडांना उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाच्या मापात, साधारण २००० मायक्रोमोल असतं. टँकच्या तळाशी लागतात तीस ते पन्नास. म्हणजे आपल्या या लाडक्या झाडांची भूक डोंबिवलीच्या उन्हाच्या दीड ते अडीच टक्के. हे ऐकल्यावर दादाचा चेहरा खुलला. इतकं कमी खाणारं कुणी घरात प्रथमच येत होतं.

दिवा आणायला मी पुतण्याबरोबर क्रॉफर्ड मार्केटला गेलो. तिथल्या मत्स्य-गल्लीत दिवे विकणारा माणूस दिव्याविषयी कधीच बोलत नाही, तो रंगाविषयी बोलतो. “साहेब, हा लावा, लाल मासा आणखी लाल होतो.” आणि त्याने गुलाबी दिवा लावून दाखवला. मासा लाल झालाच. दुकानदारही लाल झाला, पुतण्या लाल झाला, माझा पांढरा शर्टही लाल झाला. पुतण्याने विचारलं, “याचा पार किती?” दुकानदार म्हणाला, “पार नाही साहेब, फिक्स रेट.”

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे, कारण पुतण्याने ते आम्हाला परतीच्या फास्ट लोकलमध्ये, दोन फुटी दिवा छातीशी उभा धरून, कुर्ल्यापासून मुंब्र्यापर्यंत सांगितलं आणि आजूबाजूच्या प्रवाशांनीही ते ऐकून घेतलं. खोक्यावर जे ल्युमेन लिहिलेले असतात ते माणसाच्या डोळ्यांनी दिलेले मार्क आहेत. आपला डोळा हिरव्या रंगाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत उदार मार्क देतो. झाडाचं पेपर तपासणं वेगळं. त्याला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश चालतो, पण क्लोरोफिलची खरी ओढ निळ्याकडे आणि तांबड्याकडे. तो जो झाडाला उपयोगी पडणारा प्रकाश, त्याचं माप म्हणजे पार. ते मोजायचं यंत्र मिळतं, फक्त त्याची किंमत टँक, मासे, झाडं आणि दिवा या सर्वांच्या बेरजेहून अधिक असते. म्हणून छंदी लोक मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप घेतात आणि आलेल्या आकड्याला साठ-सत्तरने भागतात. काही जण तर मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टँकच्या तळाशी सोडतात. आमच्याकडे तो तळाशी असतानाच पुतण्याच्या मॅनेजरचा फोन आला. पाण्यातून रिंग फार मधुर येते.

मग केल्विन. खोक्यावर ठळक लिहिलं होतं: ६५०० के, कूल डेलाइट. दादाने चष्मा वर करून वाचलं आणि सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान किती ते विचारलं. साधारण ५८०० केल्विन, असं उत्तर आलं. “म्हणजे हा सूर्यापेक्षा सातशेने गरम, आणि नाव कूल?” पुतण्याने समजावलं की दिवा तेवढा तापत नाही, एखादी काळी वस्तू तेवढी तापवली तर तिचा उजेड ज्या रंगाचा दिसेल, त्या रंगाचा हा दिवा आहे. तापमान वाढेल तसा रंग पिवळ्याकडून निळ्याकडे जातो, आणि माणसाला निळं थंड वाटतं. दादाने दिव्याला हात लावून पाहिला, कोमट होता. “मग सांगतात कशाला?” असं म्हणून त्याने तो विषय संपवला. मला वाटतं लॉर्ड केल्विन यांच्याकडेही याला उत्तर नसावं.

दिवा टँकवर चढला आणि खरा प्रश्न उभा राहिला. त्याला डिमर होता. मोबाइलवरून शून्य ते शंभर टक्के. जाणकारांचा सल्ला असा की नव्या टँकला सुरुवातीला तीस-चाळीस टक्के उजेड आणि दिवसाला सहा तास पुरे. आता तुम्हीच सांगा, पैसे शंभर टक्क्यांचे मोजले असताना दिवा चाळीसवर चालवणं कोणत्या मराठी माणसाला जमेल? ज्या घरात पंखा पाचवर नसेल तर तो बिघडलेला समजतात, तिथे? पुतण्या संगणकातला असला तरी रक्त आमचंच. त्याने तो शंभरवर केला. वर ‘सूर्योदय’, ‘सूर्यास्त’, ‘ढगाळ’ आणि ‘वादळ’ अशी चार बटणं होती. पाहुणे आले की वादळ. नऊच्या सुमारास, एरवी शांत अशा मंगळवारी, टँकमध्ये विजा चमकायच्या आणि निऑन टेट्रा बिचारे फर्नच्या मागे एका ओळीत उभे राहायचे. हे मासे मूळचे ॲमेझॉनच्या चहासारख्या काळ्या पाण्यातले, गर्द झाडीच्या सावलीत राहणारे. त्यांच्या अंगावरची निळी रेघ त्या अंधारासाठी आहे. त्यांना इतक्या उजेडात आणणं म्हणजे दादाला मॉलमध्ये नेण्यासारखं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शेवाळ आलं. आधी काचेवर तपकिरी पावडर, मग अनुबियासच्या पानांवर हिरवे ठिपके, मग काड्यांच्या टोकाला काळ्या दाढ्या. या शेवटच्या प्रकाराला हे लोक खरंच ब्लॅक बिअर्ड म्हणतात आणि ती दाढी कुठल्याही वस्तऱ्याला दाद देत नाही. पुतण्याने उपाय म्हणून दिवा आणखी दोन तास वाढवला. झाडं बळकट झाली की ती शेवाळाला हरवतील, हा त्याचा विचार. पण उजेड हे नुसतं आमंत्रण. हजार माणसांना पत्रिका वाटायच्या आणि आचाऱ्याला शंभर पानांचंच सांगायचं, तर मांडवात काय होईल ते लग्न पाहिलेल्या कुणालाही कळतं. झाड उजेडाच्या जोरावर भराभर वाढू पाहतं, आणि त्याला कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, पोटॅश कमी पडतं, लोह कमी पडतं. जे सर्वांत कमी तेवढीच वाढ होते, हे युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शेतीसंबंधी १८४०च्या सुमारास लोकांच्या गळी उतरवलं आणि आपल्याकडच्या ऊसवाल्यांना आजही तेच सांगावं लागतं. झाड उपाशी उठलं की उरलेल्या पानांवर शेवाळ बसतं. त्याला आमंत्रण लागत नाही.

म्हणून कार्बन डायऑक्साइड. सिलिंडर महाग, तेव्हा घरगुती प्रयोग: कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट, झाकणाला भोक, नळी टँकमध्ये. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, आणि बाटलीत जे मागे उरतं त्याला महाराष्ट्रात एक स्वतंत्र खातं आहे. चार दिवसांनी हॉलमध्ये जो वास पसरला तो दादाने ओळखला. कसा ओळखला हे वहिनींनी सर्वांदेखत विचारलं आणि ती संध्याकाळ टँकवरून भलतीकडेच गेली. पुढच्या महिन्यात सिलिंडर आला. त्याच्याबरोबर काचेचा एक छोटा दिवाणजीही आला, ड्रॉप चेकर. वायू कमी असला तर त्यातलं पाणी निळं, बेताचा असला तर हिरवं, फार झाला तर पिवळं. पिवळ्याला मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. आमच्या आईला हे चटकन समजलं. ती रोज सकाळी पूजा झाल्यावर जाऊन पाहते आणि जाहीर करते, “हिरवं आहे ग बाई, चालू दे.”

उजेड चाळीसवर उतरला, वायू नीट झाला, आणि एका संध्याकाळी रोटालाच्या पानांवर बुडबुडे लागले. पाण्यात ऑक्सिजन विरघळायला जागा उरली नाही की तो पानांवर मोत्यांसारखा बसतो आणि एकेक करत वर सुटतो. पुतण्याने सगळ्यांना हाक मारली. आई म्हणाली, “उकळलं की काय पाणी?” पण मला एकदम सातवी-आठवीची प्रयोगशाळा आठवली: चंचुपात्रात हायड्रिला, वर उपडं नरसाळं, त्यावर उपडी परीक्षानळी. आपल्या सर्वांच्या वहीत ती आकृती आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तो बुडबुडा प्रत्यक्ष पाहिला आहे, कारण प्रयोगाच्या दिवशी आभाळ तरी यायचं किंवा हायड्रिला तरी संपलेला असायचा. यान इंगेनहाउस नावाच्या डच डॉक्टरने १७७९ साली नेमकं हेच पाहिलं. पाण्यातल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत. हे गृहस्थ ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवी टोचणारे. राजवाड्यातली नोकरी सांभाळून पाण्यातल्या पानांकडे तासन्‌तास बघत बसणारा माणूस त्या काळीही होता, याचा पुतण्याला फार आधार वाटला. वहिनींना वाटला नाही.

आपल्या हॉलमध्ये हे घडावं यासाठी दोन जपानी अमानो लागले. एक ताकाशी अमानो, आधी व्यावसायिक सायकलपटू, मग छायाचित्रकार, आणि मग पाण्याखाली डोंगर-रानं उभी करणारा माणूस. २०१५ साली त्याने लिस्बनच्या मत्स्यालयात चाळीस मीटर लांब, १,६०,००० लिटरचं जंगल लावलं आणि त्याच वर्षी तो गेला. दुसरे हिरोशी अमानो, ज्यांना निळ्या एलईडीसाठी २०१४चं नोबेल आणखी दोघांसह मिळालं. पांढरा एलईडी म्हणजे आत निळाच असतो, वर पिवळा लेप चढवलेला. दोघांचं एकमेकांशी नातं नाही. पण एका अमानोने झाडं पाण्यात घातली आणि दुसऱ्याने त्यांच्यावर उजेड पाडला, यात काही तरी योजना आहे असं आमच्या आईला वाटतं, आणि आडनाव एकच म्हटल्यावर भाऊबंदकी कशी झाली नाही याचं तिला नवल आहे.

एवढं जुळून आलं तरी सूर्य वेळेवर उगवत नव्हता. पुतण्याने दिवा आणि वायू दोन्ही टायमरवर टाकले होते, तबकडीवरचे काटे दाबून वेळ लावायचे, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात ते. वायू तासभर आधी सुरू, मग दिवा. पण हे टायमर विजेवरच फिरतात. वीज गेली की त्यांचं घड्याळ थांबतं, आली की जिथे थांबलं तिथून पुढे. पावसाळ्याच्या तोंडाशी वीज तासभर, दोन तास जाते. प्रत्येक वेळी टँकमधला दिवस तेवढा मागे सरकत गेला. जूनच्या अखेरीस आमच्या टेट्रांची पहाट संध्याकाळी पावणेसहाला होत होती आणि सूर्यास्त रात्री पावणेदोनला. दादा पाणी प्यायला उठला, हॉलमध्ये उजेड पाहिला, आणि पंचावन्न वर्षांच्या संस्काराने बोर्डावरचं बटण बंद केलं. त्या बटणावर दिवा, वायू आणि फिल्टर तिन्ही होते. सकाळी मुलगा उठेपर्यंत पंप थांबलेला. बापलेकात बोलणं झालं, ते मी इथे लिहीत नाही.

याच सुमारास शेवाळाची दुसरी लाट आली आणि पुतण्याला शेवटचा उपाय करावा लागला. त्याचं नाव ब्लॅकआउट. तीन दिवस दिवा पूर्ण बंद, वायू बंद, टँक चादरीने गच्च झाकायचा, मधे डोकावायचं नाही. झाडांच्या अंगात साठा असतो, ती तग धरतात. शेवाळाचं कंबरडं मोडतं. वहिनींनी जुनी सोलापुरी चादर काढली. आलेला प्रत्येक शेजारी तिच्याकडे पाहून आवाज उतरवायचा. “कधी झालं?” असं दोघांनी विचारलं. एकाने चपला दाराबाहेर काढल्या. दादा मात्र त्या तीन दिवसांत दहा वर्षांनी तरुण दिसत होता. घरात दिवा बंद ठेवण्यासाठी शास्त्राधार मिळाला होता, आणि तोही मुलाच्या तोंडून. चौथ्या दिवशी चादर निघाली, पाणी काचेसारखं. दादा एवढंच म्हणाला, “मी काय सांगत होतो?” तो टँकबद्दल कधीच काही सांगत नव्हता, पण त्या क्षणी ते सुचवणं कुणालाच जमलं नाही.

या सगळ्यानंतर पुतण्या सप्टेंबरमध्ये मित्रांबरोबर कासला गेला. सगळं जग फुलांचे गालिचे पाहायला जातं. हे चौघे डबक्यांपाशी उकिडवे बसले. सह्याद्रीच्या त्या सड्यांवर वायतुरा उगवतो, सातारचं नाव मिरवणारी पाणवनस्पती, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. पावसाळ्यात खडकावरच्या वीतभर पाण्यात वाढतो, वर इंग्रजी वायच्या आकाराचा तुरा काढतो, आणि पाऊस संपला की कंद होऊन पुढच्या जूनपर्यंत झोपतो. वर सतत ढग, धुकं, ऊन आलं तर आलं. कोणतंही ॲप नाही, खत नाही, सिलिंडर नाही. पुतण्याने मोबाइल काढून त्या डबक्यावरचा लक्स मोजला आणि सत्तरने भागला. मग ढग सरकला, पुन्हा मोजला. एकाच मिनिटात दोन आकडे आले म्हणून तो परतीच्या वाटेवर मेढ्यापर्यंत गप्प होता. त्या झाडाला हात लावायचा नाही, ते तिथेच राहू द्यायचं, हे त्याला ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्याला मार्क द्यायला हवेत.

आता उरला प्रश्न सहा तास कोणते, हा. झाडांना तो नसतो. सहा तास सलग मिळाले की त्यांना सकाळ काय, मध्यरात्र काय. माणसांना असतो. रविवारी बैठक झाली. आईला उजेड पहाटे हरिपाठाच्या वेळी हवा. वहिनींना दुपारी, कारण त्यांच्या मैत्रिणी दुपारी येतात. पुतण्या ऑफिसातून साडेनऊला येतो आणि ज्याच्यासाठी त्याने एवढं केलं ते त्याला काळोखात पाहायचं नव्हतं. मी तटस्थ होतो, म्हणजे मला कुणी विचारलं नाही. दादाने कागद आणि पेन मागवलं. दिवा ३० वॅटचा, सहा तास, म्हणजे रोज १८० वॅट-तास, महिन्याला ५.४ युनिट. त्याने आकडा पुन्हा तपासला. इतका कमी निघेल अशी त्याची अपेक्षा नव्हती आणि तो किंचित खट्टू झाला. वर्षभर ज्या दिव्याशी वैर धरलं त्याची लायकी एवढीच.

“लाव तुला हवा तेव्हा,” तो मुलाला म्हणाला. संध्याकाळी पाच ते अकरा ठरलं. मोठ्या मनाने ठरलं. पेनचं टोपण लावता लावता दादा थांबला.

“आणि तो पंप?”

“तो १५ वॅटचा आहे, बाबा.”

“किती तास?”

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे. “चोवीस,” तो म्हणाला. “बंद नाही करता येत. फिल्टरच्या स्पंजात बॅक्टेरिया असतात, ते माशांची घाण पचवतात, त्यांना सतत वाहतं पाणी लागतं.”

दादाने टोपण पुन्हा काढलं. १५ गुणिले २४ गुणिले ३०. “दहा पॉइंट आठ युनिट. दिव्याच्या दुप्पट!” त्याच्या आवाजात गेल्या कित्येक महिन्यांत न ऐकलेली उमेद होती. “आणि हे बॅक्टेरिया रात्री झोपत नाहीत?”